सोप्या आणि मध्यम वाटांचा प्रश्न : जव्हार, मोखाडा आणि त्र्यंबक रांगेतील डोंगरभटकंतीचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

डोंगरात प्रथमच जाणाऱ्याने कोणते ठिकाण निवडावे, आणि चार-सहा सोप्या वाटा पार केलेल्या, पण दोराचे प्रशिक्षण नसलेल्या मध्यम तयारीच्या माणसाने पुढची पायरी म्हणून कोणत्या किल्ल्याकडे वळावे, हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत बराच व्यापक झाला आहे. पूर्वी हा प्रश्न गिर्यारोहण संस्थांच्या अंतर्गत चर्चेपुरता होता, कारण नवागताला कोठे न्यायचे हे संस्थेतील जाणती मंडळी ठरवीत असत. आता शनिवार-रविवारी डोंगराकडे निघणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कोणत्याही संस्थेचे सभासद नसतात, छायाचित्र किंवा चित्रफीत पाहून ठिकाण ठरवतात आणि 'सोपे', 'मध्यम', 'कठीण' या तीन शब्दांवर विसंबून घराबाहेर पडतात. त्यामुळे हे शब्द कशाच्या आधारे लावले जातात आणि त्यांच्यावर कितपत भिस्त ठेवावी, याला महत्त्व आले आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके आणि त्यांना लागून नाशिक जिल्ह्यात पसरलेली त्र्यंबक डोंगररांग हा प्रदेश या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. भूपतगडासारखा साधा चढ, हरिहरसारखा जवळजवळ उभा कातळजिना आणि दाभोसासारखा सुमारे ३०० फुटांचा धबधबा ही ठिकाणे येथे एकाच दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. प्रस्तुत लेखात या प्रदेशातील ठिकाणांची नवशिक्या व मध्यम भटक्यांच्या दृष्टीने तुलना केली आहे, श्रेणी ठरवण्याविषयीच्या निरनिराळ्या भूमिका मांडल्या आहेत आणि अद्याप न सुटलेल्या मुद्द्यांची नोंद घेतली आहे.

२. पार्श्वभूमी

जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असून ते कोकणपट्टी आणि घाटमाथा यांच्या मधल्या पायरीसारखे आहे. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाचा हा मुलूख १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाला, नंतर ठाणे जिल्ह्याचा भाग राहिला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. पठारावरून खोडाळ्यामार्गे त्र्यंबकेश्वराकडे चढणाऱ्या गोंदा घाटाच्या जुन्या व्यापारी वाटेवर लक्ष ठेवण्यासाठी हरिहर आणि भास्करगड हे किल्ले उभे राहिले. आज ज्या वाटांची चर्चा 'ट्रेक' म्हणून होते, त्यांपैकी बऱ्याच वाटा मुळात चौकीच्या, बाजाराच्या, गुरे नेण्याच्या किंवा यात्रेच्या होत्या. त्या घडवणाऱ्यांसमोर हौशी प्रवासी नव्हता. किल्ल्याची वाट तर शत्रूला अवघड जावी अशा हेतूनेच आखलेली असे, आणि हे ऐतिहासिक कारण श्रेणीच्या प्रश्नात आजही जाणवते. १८१८ साली इंग्रजांनी त्र्यंबक परिसरातील किल्ले घेतले तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने हरिहरच्या पायऱ्यांविषयी आश्चर्य नोंदवले होते.

हौस म्हणून डोंगर चढण्याची संघटित परंपरा महाराष्ट्रात स्वातंत्र्योत्तर काळात रुजली. मुंबईत १९५४ साली गिरिविहार ही संस्था स्थापन झाली आणि पुढील दशकांत मुंबई, पुणे, नाशिक, ठाणे येथे अशा अनेक संस्था उभ्या राहिल्या. हरीश कपाडिया यांचे 'ट्रेक द सह्याद्रीज' आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' या मार्गदर्शक पुस्तकांनी वाटांची माहिती संस्थांच्या बाहेर नेली. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने किल्ल्यांची माहिती संकलित करताना उंची, प्रकार, डोंगररांग आणि श्रेणी अशा ठरावीक रकान्यांत ती मांडली, आणि या मांडणीमुळे प्रत्येक किल्ल्याला एक श्रेणी असते ही कल्पना सर्वसामान्य भटक्यांत रूढ होण्यास मोठा हातभार लागला. ही सोय मोठी असली, तरी किल्ल्याला दिलेला एक शब्द आणि त्या किल्ल्यावर जाणाऱ्या अनेक वाटा यांतील अंतर तेव्हापासूनच राहून गेले.

३. श्रेणी ठरवण्याच्या जगातील पद्धती

उतार आणि वाटा यांची प्रतवारी करण्याची सर्वांत परिचित पद्धत बर्फावरून घसरण्याच्या खेळातील, म्हणजे स्कीइंगमधील आहे. युरोपात सोप्यापासून अवघडाकडे जाताना उतारांना हिरवा, निळा, लाल व काळा असे रंग दिले जातात, तर उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन ही चिन्हे वापरतात. नवशिक्याने हिरव्यावर शिकावे, मध्यम तयारीच्याने निळ्यावर आणि मग लालवर जावे, असा या पद्धतीचा क्रम आहे. तिचे वैशिष्ट्य असे की श्रेणी डोंगराला न देता त्यावरील प्रत्येक उताराला दिली जाते. एकाच डोंगरावर सर्व प्रकारचे उतार असू शकतात. तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते, कारण रंग बहुधा त्या त्या केंद्राच्या व्यवस्थापनाने आपल्याच इतर उतारांशी तुलना करून ठरवलेले असतात आणि म्हणून एका केंद्रातील निळा उतार दुसऱ्या केंद्रातील लाल उताराइतका अवघड भरू शकतो. भारतात गुलमर्ग येथे हा फरक स्पष्ट दिसतो. सुमारे २६५० मीटर उंचीवरील तेथील मैदानाचे मंद उतार शिकाऊ माणसासाठी उत्तम मानले जातात, पण केबल कारच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यावर गेल्यावर लागणारे उतार केवळ तयारीच्या माणसासाठीच आहेत. त्यामुळे 'गुलमर्ग नवशिक्यांसाठी आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

पायी वाटांसाठी स्विस अल्पाइन क्लबने २००२ साली टी-१ ते टी-६ अशी सहा पायऱ्यांची श्रेणी तयार केली. टी-१ म्हणजे रुंद, आखलेली, घसरण्याचा धोका जवळपास नसलेली वाट. टी-३ वर हातांचा आधार क्वचित लागतो आणि उघड्या, दरीलगतच्या जागा येऊ शकतात. टी-४ पासून पुढे हातांचा वापर, वाट ओळखण्याचे कौशल्य आणि डोंगरातील अनुभव आवश्यक ठरतो. वाटेवर रंगवलेल्या खुणाही या श्रेणींशी जोडलेल्या असतात. या पद्धतीत चढाईची एकूण उंची हा मुख्य निकष नसून वाटेचा अवघडपणा आणि पाय सुटल्यास होणारा परिणाम यांना प्राधान्य आहे. सह्याद्रीत मात्र प्रचलित श्रेणींमध्ये दमछाक आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी पुष्कळदा एकाच शब्दात मिसळलेल्या आढळतात.

४. नवशिक्यांसाठीची ठिकाणे

नवशिका म्हणजे चालण्याची सवय असलेला, पण कातळावर हात-पाय वापरून चढण्याचा अनुभव नसलेला माणूस, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे. अशा माणसाच्या दृष्टीने जव्हार तालुक्यातील भूपतगड हे या प्रदेशातील सर्वांत सरळ ठिकाण आहे. झाप-कुर्लोद परिसरातून गडावर जाणारी वाट मळलेली आहे, चढ बेताचा आहे, कोठेही कातळटप्पा लागत नाही आणि माथ्यावर तटबंदीचे अवशेष व पाण्याची टाकी पाहायला मिळतात. त्याची उणीव एवढीच की माहितीचे फलक आणि सार्वजनिक वाहतूक विरळ असल्याने स्थानिक वाटाड्याशिवाय जाणारा ढोरवाटांच्या जाळ्यात वाट चुकू शकतो. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळचा परिसर, तेथून आमल्याकडील जंगल आणि खोडाळ्याजवळील देवबांध ही ठिकाणे चढाईपेक्षा पठारावरील चालण्यासाठी योग्य असून लहान मुले व वयस्कर माणसे यांचा समावेश असलेल्या गटांना ती सोयीची आहेत.

घाटमाथ्यावरील ब्रह्मगिरी, म्हणजेच त्र्यंबकगड, आणि सुमारे १३०० मीटर उंचीची अंजनेरी या दोन ठिकाणांची वाट यात्रेकरूंच्या राबत्यामुळे घडलेली आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेत कातळात कोरलेल्या पायऱ्या असून दमछाक होत असली तरी वाट सापडण्याची चिंता नसते. अंजनेरीवर काही अंतर गाडीरस्ता आणि पुढे पायऱ्यांची वाट आहे, आणि मधल्या पठारावर विसावा घेऊन परत फिरण्याची सोयही आहे. नवशिक्यासाठी हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण मध्येच माघार घेता येणे हे सोप्या वाटेचे एक लक्षण आहे आणि श्रेणीच्या रकान्यात ते क्वचितच नोंदवले जाते. अंजनेरी हे सेरोपेजिया अंजनेरिका या दुर्मीळ वनस्पतीचे आणि गिधाडांचे आश्रयस्थान असल्याने तेथील वाढती वर्दळ निसर्ग अभ्यासकांच्या चिंतेचा विषय झाली आहे. एखादे ठिकाण चालणाऱ्यासाठी सोपे असल्याची किंमत कधी कधी त्या ठिकाणाला मोजावी लागते, याचे हे उदाहरण आहे.

५. मध्यम तयारीच्या भटक्यांसाठीची ठिकाणे

मध्यम श्रेणीत या भागातील तुलना मुख्यतः भास्करगड आणि हरिहर या शेजारी किल्ल्यांमध्ये होते. दोन्ही किल्ल्यांना निरगुडपाड्याकडून जाता येते. भास्करगडाची वाट जंगलातून वर चढते, कड्याच्या पोटाने आडवी जाते आणि अखेरीस कातळात वळणे घेत खोदलेल्या पायऱ्यांवर येते. दरवाजा मातीत अर्धा गाडला गेल्यामुळे आत शिरताना वाकावे लागते. येथे वाट शोधणे आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, तोल सांभाळणे ही दोन कौशल्ये लागतात. गर्दी कमी असल्याने माणूस आपल्या गतीने चालू शकतो, पण अडचण आल्यास मदतीला दुसरे कोणी असण्याची शक्यताही तेवढीच कमी असते.

सुमारे ३६७६ फूट उंचीचा हरिहर याच्या उलट स्वरूपाचा आहे. निरगुडपाड्याकडून चढ लांब, तर हर्षेवाडीकडून तो पुष्कळ आखूड आहे. दोन्ही वाटा ज्या कातळजिन्यापाशी पोहोचतात तो उभ्या शिडीसारखा असला, तरी प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना हात रोवण्यासाठी खोबणी कोरलेल्या आहेत. जिन्यानंतर दरवाजा, मग कड्याच्या छताखालून जाणारी अरुंद आडवी वाट आणि पुन्हा पायऱ्या असा क्रम आहे. कोरड्या हवेत, मोजकी माणसे असताना आणि उंचीची भीती नसलेल्या माणसाला हा जिना तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. याच कारणाने काही मार्गदर्शक त्याला मध्यम म्हणतात आणि काही तर सोप्याच्या जवळ नेतात. परंतु तेथे पाय सुटल्यास थांबण्याची जागा नाही, उतरताना तोंड कातळाकडे करून पायाने पायरी चाचपावी लागते आणि वरून उतरणारे व खालून चढणारे एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी येथे होणाऱ्या गर्दीमुळे माणसे जिन्यावरच खोळंबून राहिल्याची दृश्ये सर्वत्र पाहिली गेली आणि वन विभागाला वेळोवेळी निर्बंध घालावे लागले. एकाच किल्ल्याची श्रेणी दिवस आणि संख्या यांनुसार किती बदलते, हे हरिहरइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

तुलनेसाठी शेजारच्या मुलखातील दोन ठिकाणे विचारात घेणे उपयुक्त आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर बारी गावाकडून जाताना लोखंडी शिड्या लावल्या असल्याने कातळाचा धोका कमी झाला आहे, पण चढ दीर्घ असल्यामुळे दम टिकवण्याची कसोटी लागते. १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर पाचनईची वाट नवशिक्याला जमते, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट मध्यम आहे आणि नळीची वाट अनुभवी नेत्याशिवाय करू नये अशी आहे. एकाच गडाच्या या तीन वाटा लक्षात घेतल्या, म्हणजे श्रेणी किल्ल्याला न देता वाटेला द्यावी हा आग्रह का धरला जातो ते समजते. अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट, जेथे दोर व प्रशिक्षित सहकारी लागतात, मध्यम श्रेणीच्या पलीकडचे असल्याने या आढाव्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

६. धबधब्यांचा वेगळा प्रश्न

जव्हारची ओळख आज किल्ल्यांपेक्षा धबधब्यांसाठी अधिक आहे, आणि येथे सोपे-अवघड या शब्दांचा सर्वाधिक गोंधळ होतो. लेंढी नदीवरील दाभोसा आणि जव्हारजवळचा काळमांडवी येथे पोहोचण्याची वाट अवघड नाही, म्हणून ही ठिकाणे सहलीच्या यादीत नवशिक्यांसाठी धरली जातात. धोका मात्र वाटेत नसून पाण्यात आहे. धबधब्याखालच्या डोहाची खोली वरून कळत नाही, खडक शेवाळलेले असतात आणि वरच्या अंगाला झालेल्या पावसाने प्रवाह अल्पावधीत वाढतो. जुलै २०२० मध्ये काळमांडवी येथे पाच तरुणांचा बुडून मृत्यू झाला, आणि ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर राज्यभर पावसाळी पर्यटनाच्या सुरक्षेची चर्चा पुन्हा पेटली. दाभोसा येथे काही संस्था रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याचा कार्यक्रम घेतात. दोर, कमरपट्टा, शिरस्त्राण, वरून सोडलेला दुसरा सुरक्षा दोर आणि प्रशिक्षित माणसे असतील, तर नवशिक्यालाही हा प्रकार करता येतो, कारण तेथे जबाबदारी सहभागी माणसाच्या कौशल्यापेक्षा आयोजकाच्या व्यवस्थेवर असते. याउलट डोहात उतरणे हे दिसायला साधे असूनही त्यावर कोणाचेच नियंत्रण नसते.

७. प्रमुख भूमिका

श्रेणीच्या प्रश्नावर आज साधारणपणे चार भूमिका आढळतात.

पहिली भूमिका वाटेला केंद्रस्थानी मानते. चढाची उंची, अंतर, कातळटप्पे, दरीलगतच्या जागा आणि पाण्याची सोय या बाबी मोजता येतात, म्हणून श्रेणी त्यांवरच आधारावी, म्हणजे ती वस्तुनिष्ठ राहील, असे तिचे म्हणणे आहे. तिचे बळ स्पष्टतेत आहे. आक्षेप असा की जूनमधील आणि जानेवारीतील वाट नकाशावर एकच असली तरी चालणाऱ्यासाठी एक नसते.

दुसरी भूमिका ऋतूला निर्णायक मानते. सुमारे ३००० मिलिमीटर वार्षिक पावसाच्या या प्रदेशात मुरमाड उतार निसरडे होतात, ओढे वाट अडवतात आणि धुक्यात वाट चुकते. म्हणून प्रत्येक वाटेला पावसाळा, हिवाळा व उन्हाळा यांसाठी स्वतंत्र श्रेणी असावी, आणि उन्हाळ्यातील पाण्याचा अभाव व कातळावरील आग्यामोहोळांचा धोकाही त्यात यावा, असे ही भूमिका सांगते. तिच्यावर गुंतागुंतीचा आक्षेप घेतला जातो, कारण एका वाटेच्या तीन श्रेणी सामान्य माणूस लक्षात ठेवणार नाही.

तिसरी भूमिका माणसावर आणि नेतृत्वावर भर देते. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलेला नेता सोबत असेल, गट लहान असेल आणि परत फिरण्याची तयारी असेल, तर मध्यम वाट नवशिक्यालाही सुरक्षित ठरते, आणि तसे नसेल तर सोपी वाटही धोक्याची होते, असे जुन्या संस्थांतील अनेकांचे मत आहे. या विचाराला अनुभवाचे पाठबळ आहे, परंतु एकट्याने किंवा मित्रांसोबत जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो मार्गदर्शन करू शकत नाही.

चौथी भूमिका प्रशासनाची आहे. साहसी उपक्रमांतील अपघातांविषयी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१८ साली सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांचा शासन निर्णय काढला. त्यातील तरतुदींवर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले, आणि पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले, ज्यात जमीन, पाणी व हवेतील उपक्रम घेणाऱ्या आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी अपेक्षित आहे. याशिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासने मनाई आदेश काढून धोकादायक धबधबे व गड ठरावीक काळासाठी बंद करतात. प्रशासनाच्या दृष्टीने श्रेणीपेक्षा जबाबदारी निश्चित होणे महत्त्वाचे आहे. टीकाकारांच्या मते नोंदणीची अट व्यावसायिक आयोजकांना लागू होते, स्वतंत्रपणे येणाऱ्या गर्दीला नाही, आणि सरसकट मनाईमुळे सोपी व अवघड ठिकाणे एकाच मापाने मोजली जातात.

८. स्थानिकांची बाजू

या चार भूमिकांच्या चर्चेत बराच काळ दुर्लक्षित राहिलेला घटक म्हणजे ज्या पाड्यांतून या वाटा जातात तेथील माणसे. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि तेथे महादेव कोळी, वारली, ठाकूर, कोकणा व कातकरी समाजांची वस्ती आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांना मान्यता मिळाल्यामुळे डोंगरावरील वर्दळीचे नियमन करताना ग्रामसभेचे म्हणणे विचारात घ्यावे, अशी मागणी पुढे येते. वाटाड्याचे काम, नागलीची भाकरी आणि मुक्कामाची सोय यांतून काही कुटुंबांना उत्पन्न मिळते, तर कचरा, आरडाओरड, शेतातून जाणारी वाहने आणि अपघातानंतर शोधकार्यात जाणारे श्रम हा बोजाही त्यांच्यावरच पडतो.

या ठिकाणी हंगामाचा एक विसंवाद ध्यानात येतो. नवशिक्यांची गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे जेव्हा वाटा सर्वाधिक निसरड्या असतात आणि गावातील माणसे भात, नागली व वरईच्या लावणीत गुंतलेली असतात. नवशिक्यांसाठी खऱ्या अर्थाने अनुकूल काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे, पण तेव्हा गावात पुरेसे काम नसल्याने अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि वसई, भिवंडी, ठाणे परिसरातील बांधकामांवर स्थलांतर करतात. सुरक्षित हंगामात वाटा माहीत असलेली माणसे गावात नसतात, आणि ती गावात असतात तो हंगाम असुरक्षित असतो. श्रेणीची चर्चा केवळ कातळ आणि उंचीपुरती ठेवल्यास ही बाब नजरेआड होते.

९. अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा श्रेणी देण्याच्या अधिकाराचा आहे. पर्यटन संचालनालय, वन विभाग, पुरातत्त्व खाते, गिर्यारोहण महासंघ, ग्रामसभा आणि खाजगी आयोजक यांपैकी कोणाचा शब्द अंतिम मानावा, यावर एकमत नाही. स्कीइंगच्या केंद्रात उतारांचे व्यवस्थापन एका संस्थेकडे असल्याने रंग देणे आणि तो बदलणे तिला शक्य होते. सह्याद्रीतील वाटेचा असा एकच धनी नाही.

दुसरा मुद्दा उत्तरदायित्वाचा आहे. एखाद्या वाटेला अधिकृतपणे 'सोपी' म्हटल्यावर तेथे अपघात झाला, तर श्रेणी देणाऱ्यावर जबाबदारी येते का, याविषयी स्पष्टता नसल्याने अधिकृत संस्था असे शब्द वापरण्यास कचरतात आणि ती जागा अनधिकृत माहितीने भरली जाते.

तिसरा मुद्दा वाटेवर कायमच्या सोयी करण्याचा आहे. कळसूबाईप्रमाणे शिड्या व कठडे लावल्यास धोका घटतो, पण गर्दी वाढते आणि ऐतिहासिक बांधणीला बाधा येते. हरिहरच्या कोरीव जिन्यावर कठडे लावावेत की तेथील संख्येवर मर्यादा घालावी, यावर मतभेद कायम आहेत.

चौथा मुद्दा मदतकार्याचा आहे. अपघात झाल्यास स्थानिक ग्रामस्थ आणि स्वयंसेवी पथके प्रथम पोहोचतात, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारखी व्यवस्था पथकांमध्ये समन्वय साधते. परंतु जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय येथून गंभीर जखमीला पुढे नाशिककडे हलवावे लागते, आणि घाटरस्त्यावरील हा प्रवास मोठा असतो. वाटेच्या श्रेणीत उपचार मिळण्यास लागणारा वेळ धरावा का, हा प्रश्न अजून गांभीर्याने विचारात घेतला गेलेला नाही. ब्रह्मगिरीवरील आणि भूपतगडावरील पाय मुरगळणे वैद्यकीयदृष्ट्या सारखेच असले, तरी मदतीच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक पडतो.

१०. समारोप

उपलब्ध माहितीचा एकत्रित विचार केला, तर काही निष्कर्ष पुरेशा खात्रीने काढता येतात. कोरड्या हंगामात नवशिक्याने ब्रह्मगिरी, अंजनेरी किंवा वाटाड्यासह भूपतगड यांपासून सुरुवात करावी. मध्यम तयारीच्या माणसाने भास्करगड व टोलार खिंडीची वाट यांवर वाट ओळखण्याचा आणि घसाऱ्यावर चालण्याचा सराव करावा, आणि हरिहरला सुट्टीखेरीजच्या दिवशी, पाऊस नसताना जावे. धबधब्यांच्या बाबतीत तेथवर पोहोचण्याच्या सोपेपणावरून पाण्याच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधू नये.

चारही भूमिकांत तथ्य असले, तरी त्या परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. श्रेणी किल्ल्याला न देता वाटेला द्यावी, प्रत्येक वाटेसाठी किमान पावसाळी आणि कोरडा असे दोन हंगाम वेगळे नोंदवावेत, दमछाक व धोका यांसाठी स्वतंत्र शब्द असावेत, आणि माघार घेण्याची शेवटची जागा व जवळच्या रुग्णालयाचे अंतर त्यात यावे, एवढ्यावर बहुतेक बाजूंचे एकमत होण्यास अडचण दिसत नाही. अशी नोंद ग्रामसभा आणि गिर्यारोहण संस्था यांनी मिळून केल्यास वाटेची ताजी माहिती असणारा आणि तांत्रिक ज्ञान असणारा असे दोन्ही पक्ष तीत सहभागी होतील. नवशिक्यांची वर्दळ पावसाळ्याकडून हिवाळ्याकडे काही प्रमाणात वळवता आली, तर अपघातही घटतील आणि मोखाड्यातील काही माणसांना हिवाळ्यात आपल्या गावातच काम मिळेल. धबधबे कोरडे पडल्यावर शहरातील पर्यटक येथे येईल का, याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगाशिवाय मिळणार नाही, आणि तो प्रयोग करून पाहण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.